कोल्हापूरचे फोटोवाले : दिवाळीनंतरचा कट्टा, आणि जरा धंद्याचंही बोलू

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

रामराम मंडळी.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला पंचगंगा घाटावर जमायचं ठरतंय. तुळशीची लग्नं लागली की लग्नसराई सुरू, मग कुणाला बूड टेकायला वेळ म्हणून राहणार नाही. म्हणून त्याआधीच. घाट, दीपमाळा, शिवाजी पूल, जमलं तर ब्रह्मपुरी टेकडीचा चढ. ऊन वर आलं की कॅमेरे पिशवीत आणि आपण मिसळीला. मिसळीनंतर तासभर बैठक.

धागा काढलाय तो या बैठकीसाठी. आपण जमतो तेव्हा बोलतो काय? कॅमेऱ्याची नवी बॉडी कुठली आली, कुणाच्या लेन्सला बुरशी लागली, कुठल्या लॅबचा पेपर टिकतो. पैशाचा विषय निघाला की सगळे चहाच्या कपात बघायला लागतात. दर कोण किती घेतो हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक असतं, पण समोरासमोर कुणी बोलत नाही. यंदा बैठकीत फक्त धंदा ठेवू : करारपत्र, दर, डेटा, ड्रोन. लेन्सचं बोलायला घाट आहेच.

निमित्त सांगतो. ओळखीतल्या एका स्टुडिओवाल्यानं लग्नाचे फोटो आपल्या इन्स्टावर टाकले. मुलीकडच्यांनी काढायला सांगितले. यानं चार दिवस टाळाटाळ केली, तर वकिलाची नोटीस आली : फोटो आमचे आहेत. हा म्हणतो, कॅमेरा माझा, बोट माझं, रात्रभर जागून रंग मी केले, फोटो त्यांचे कसे? कुणाला कायद्याचं नक्की माहीत असेल तर सांगा. अंदाजपंचे नको.

नाद एकच

येणार म्हंजे येणारच. पण भावा, मिसळ खाऊन वर जीएसटी? पचायचं कसं?

कागदं जपून ठेवा

माझा व्यवसाय कागदपत्रांचाच आहे, फोटो हौसेखातर. नोटिशीचं उत्तर तुमच्या मित्राला आवडणार नाही.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता, हे खरं. पण कलम १७ मध्ये एक अपवाद आहे. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि दोघांत उलट काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा. लग्नाची ऑर्डर म्हणजे नेमकं हेच. आपल्याकडे बहुतेक ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर 'ओके दादा, फायनल' एवढ्यावर ठरतात. त्यात उलट काही ठरलेलं नसतंच, त्यामुळे कायद्यानं हक्क गेला ग्राहकाकडे.

तुम्ही आपखुशीनं रंकाळ्यावर काढलेला सूर्यास्त, जोतिबाच्या यात्रेतला गुलाल, हे तुमचं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोलाही छायाचित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं संरक्षण आहे. आणि मालकी दुसऱ्याकडे गेली तरी 'हा फोटो मी काढला' असं म्हणायचा हक्क कलम ५७ नं तुमच्याकडेच राहतो.

उपाय सोपा आहे, पण ऑर्डर घेतानाच करायचा. करारात एक ओळ : 'या कार्यक्रमातील छायाचित्रांचे व चित्रफितीचे कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहतील. ग्राहकास ती छापण्याचा व घरगुती वापराचा कायमचा हक्क राहील. ग्राहकाने खाली नको असे लिहिले नसल्यास छायाचित्रकार ती कामाचा नमुना म्हणून दाखवू शकेल.' खाली दोघांच्या सह्या. विषय संपला.

हुपरीची लेक

विषय संपला नाही हो. तुमच्या कागदावर 'नको' लिहायची जबाबदारी कुणावर? लग्नाच्या गडबडीत सही करतो मुलीचा काका. इन्स्टावर चेहरा झळकतो मुलीचा. तिला कुणी विचारलंच नाही.

ती ओळ उलटी करा. 'हो' लिहिलं तरच फोटो टाकायचे. आणि ते 'हो' नवरा-नवरीनं लिहायचं, बिल देणाऱ्यानं नव्हे. मी माझ्या ऑर्डरींत असंच करते. बहुतेक जणी हसत हसत हो म्हणतात. ज्या नाही म्हणतात त्यांच्याकडे कारण असतं आणि ते मला सांगायला त्या बांधील नाहीत.

नोटीस पाठवली ती मुलगी बरोबर आहे, असं माझं स्पष्ट मत.

कागदं जपून ठेवा

मान्य. तुमचा मसुदा माझ्यापेक्षा चांगला. बैठकीत तोच वाटू.

जुनी डार्करूम

पंचगंगाकाठ, तुमच्या मित्राला 'फोटो माझे' असं का वाटतं ते मी सांगतो. रोलच्या काळात निगेटिव्ह स्टुडिओत राहायची. गिऱ्हाइकाला मिळायच्या कॉप्या. पाच वर्षांनी मुलीचं स्थळ बघायला फोटो हवा, दहा वर्षांनी आजोबा गेले, भिंतीवर लावायला मोठा हवा, की पाकिटावरचा नंबर घेऊन माणूस परत दारात. कायदा तेव्हाही हाच होता, पण निगेटिव्ह आमच्या कपाटात होती त्यामुळे प्रश्नच कधी उठला नाही. स्टुडिओचं निम्मं पोट कॉप्यांवर चालायचं. आता पेनड्राइव्ह हातात दिला की नातं संपलं. तेव्हा जे उत्पन्न वर्षानुवर्षं थेंबथेंब यायचं ते आता पहिल्याच बिलात धरावं लागतं, आणि तिथंच आपली पोरं कमी पडतात.

अवांतर : घाटावरून परतताना खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ बघून या. रोज पुढून जाता, वर मान करून किती जणांनी बघितलाय? बाबूराव पेंटरांनी इथं, या गावात, स्वतः कॅमेरा बनवला. विकत मिळायची सोय नव्हती म्हणून. १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० ला 'सैरंध्री' आला. माणूस मुळात चित्रकार, पडदे रंगवणारा. त्यामुळे उजेड कसा पडतो हे त्याला कॅमेऱ्याच्या आधी कळलं होतं. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण केलं. आणि आपण तीन फ्लॅश लावून नवरीच्या नाकावर पांढरा ठिपका पाडतो.

नाद एकच

आबा, शेवटचं वाक्य माझ्यासाठीच हाय हे कळलं बरं का.

मांडवातला

मी वीसेक वर्षं लग्नंच करतो. दराचं बोला म्हणताय, बोलतो. एक हिशेब मांडतो, आकडे समजा म्हणून घ्या, तुमचे तुम्ही घाला.

समजा पॅकेज ४०,००० चं. हळद आणि लग्न असे दोन दिवस. अल्बम ९,०००. सोबतचा व्हिडिओवाला दोन दिवसांचे ८,०००. एडिटर ७,०००. गाडी, पेट्रोल, पोरांचा चहा-नाश्ता २,०००. झाले २६,०००. राहिले १४,०००. इथं आपण खूश होतो. आता पुढं. बॉडी, दोन लेन्सा, फ्लॅश मिळून ३,६०,००० चा माल. चार वर्षांत जुना होणार. वर्षाला ३० ऑर्डरी धरल्या तर १२० ऑर्डरींत तो खर्च वसूल व्हायला हवा, म्हणजे ऑर्डरीमागे ३,०००. राहिले ११,०००. तुमचे दिवस मोजा. शूटचे दोन, निवड आणि रंगाचे तीन, आणि 'मामांचा फोटो आला नाही', 'आत्याला पुढच्या पानावर घ्या' यात गेलेला एक. सहा दिवस. दिवसाला १,८०० च्या आसपास. त्यातून गाळ्याचं भाडं, लाइट बिल, विमा अजून जायचंय.

आणि आपल्यातलाच एखादा २५,००० त करून देतो म्हणतो. तो ग्राहकावर उपकार करत नाही, बापाच्या पैशानं घेतलेला कॅमेरा हप्त्याहप्त्यानं विकतोय एवढंच.

इसाराचंही ठरवा. आपल्याकडे तारीख पुढं जाण्याचं मोठं कारण म्हणजे सुतक. त्यात भांडायचं नसतं, माणसं दुःखात असतात. माझ्या कागदावर सरळ लिहिलंय : सुतकामुळे तारीख बदलली तर इसार पुढच्या तारखेला चालेल, ती तारीख माझ्याकडे मोकळी असली पाहिजे. लग्नच मोडलं तर इसार परत नाही, कारण त्या मुहूर्ताची दुसरी ऑर्डर मी सोडलेली असते. मोठ्या मुहूर्ताला हॉल, भटजी, केटरर आणि फोटोवाला सगळे एकाच दिवशी विकले जातात.

राहिलं मोबाइलवाल्या पाहुण्यांचं. मंगलाष्टकं संपत आली, अंतरपाट खाली यायला लागला, नवरीची नजर वर जाते, तो एक क्षण. तेवढ्यात समोर चौदा हात वर. प्रत्येक हातात मोबाइल आणि प्रत्येक मोबाइलच्या पडद्यात तुमच्या कॅमेऱ्याची पाठ. आता मी आधीच भटजींना भेटतो आणि त्यांनाच माइकवरून सांगायला लावतो, 'मंडळी, अक्षता टाका, मोबाइल खिशात टाका.' माझं कुणी ऐकत नाही. भटजींचं ऐकतात.

पुण्यात अडकलेला

पुण्यात याच कामाचे दुप्पट घेतात.

मांडवातला

घेऊ देत की. तिथं गाळ्याचं भाडं पण दुप्पट आणि पाहुणे निम्मे.

कागदं जपून ठेवा

हिशेबात एक भर. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी आलीच. फोटोग्राफीवर १८ टक्के. पॅकेज ४०,००० असं तोंडी बोलून बसलात आणि नंतर 'वर टॅक्स' म्हणालात की भांडण. 'करासहित' की 'कर वेगळा' हे पहिल्या भेटीतच सांगा. नोंदणी असेल तर सेवेच्या इसारावरही कर त्याच वेळी लागतो, हे बऱ्याच जणांना मार्चमध्ये कळतं.

शिरोली नाका

लग्नं माझ्याच्यानं होत नाहीत. चार माणसं एका फ्रेममध्ये हसवणं हे ज्याचं त्याला जमतं. मी फौंड्रीवाल्यांची कामं करतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत. कास्टिंगचे कॅटलॉग, मशिनींचे फोटो, कधी भट्टीतून लोखंड ओततानाचे. इकडं कुणी वळत नाही म्हणून सांगतो : या गावात कारखाने इतके आहेत की फोटोवाले कमी पडावेत.

काम शांत. मामा नाही, आत्या नाही. त्रास एकच, पैसे. 'बिल अकाउंटला दिलंय' हे वाक्य महिनोन्महिने ऐकलंय. त्यावर औषध असं की उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, ऑनलाइन होते, फुकट होते. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल कंपनीनं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं, असा कायदा आहे. आयकरातही तसा बदल आलाय : वेळेत दिलं नाही तर तो खर्च कंपनीला पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी धरता येतो. बिलावर उद्यम नंबर छापायला लागल्यापासून मार्चच्या आधी मला स्वतःहून फोन येतात. पूर्वी मी करायचो.

ओतकामाचा फोटो काढणार असाल तर : सुती कपडे, बूट, सुपरवायझर सांगेल तिथंच उभं राहायचं. आणि एक्स्पोजर धातूच्या धारेवर ठेवा. माणसं काळी पडली तरी चालतील, धार पांढरी फटक झाली की फोटो मेला.

हुपरीची लेक

शिरोली नाका, पुढच्या वेळी मला घेऊन चला.

मी चांदीची कामं करते. पैंजण, जोडवी, करदोटे, वाळे. हुपरीत घरटी कुणीतरी या धंद्यात, आणि आता सगळ्यांना ऑनलाइन विकायचंय, त्यामुळे काम भरपूर. पण चांदीइतका अवघड माल नाही. चांदीला स्वतःचा रंगच नसतो, समोर जे असेल ते ती दाखवते. पहिल्या फोटोत पैंजणाच्या प्रत्येक घुंगरात मी दिसायचे, लाल टॉप घातलेली.

नवीन लोक लेन्सवर पोलराइझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, लावतात. काचेवर, पाण्यावर तो चालतो. धातूवरची चमक तशी पोलराइझ झालेली नसते, त्यामुळे कितीही फिरवा, फरक शून्य. दिव्यावरही पोलराइझर लावून आडवा-उभा खेळ केला तर चमक जाते, पण सगळीच जाते आणि चांदी शिशासारखी मेलेली दिसते. म्हणून उजेडच बदलायचा. मी मालाभोवती बटर पेपरचा तंबू करते, उजेड बाहेरून. लेन्सपुरतं भोक. मग सगळं पांढरं पांढरं होतं आणि घडण दिसेनाशी होते. तेव्हा काळ्या कागदाच्या बोटभर पट्ट्या कापून तंबूच्या आत उभ्या करायच्या. त्या पट्ट्यांचं काळं प्रतिबिंब कडेवर पडतं आणि घुंगरू गोल दिसायला लागतं. पट्टी दोन सूत हलवली तरी फरक कळतो. सगळी कला त्या पट्ट्यांत.

नवखा

इथं सगळे मोठे लोक दिसतायत. मी कॉलेजला आहे, मोबाइलवर काढतो. धंदा सुरू करायला कुठला कॅमेरा घेऊ? बजेट कमी आहे.

मांडवातला

आत्ताच घेऊ नको. हंगामभर कुणाच्या तरी हाताखाली दुसरा कॅमेरावाला म्हणून जा. भाड्यानं कॅमेरे मिळतात, तीन-चार वेगवेगळे वापर. मग जुना चांगला डीएसएलआर घे. सगळे मिररलेसकडे पळतायत, त्यामुळे ते स्वस्तात निघालेत. घेताना एकच बघ : दोन कार्डांचे खाचे असलेली बॉडी. एकाच कार्डावर लग्न शूट करणं म्हणजे जुगार.

शिरोली नाका

नाहीतर चपला कर. चेष्टा नाही. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाच्या मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली, त्यावरून रान उठलं, आणि तेव्हापासून माझ्याकडे चप्पलवाल्यांच्या चौकशा सुरू झाल्या. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, लोक अस्सल माल शोधतायत, पण कारागिराकडे फोटो असतो तो दुकानाच्या फरशीवरचा, ट्यूबलाइटमधला, पिवळा. खिडकीचा उजेड, समोरून थर्माकोलचा पांढरा तुकडा, एवढ्यावर मोबाइलनंसुद्धा सुरुवात होईल. कातड्याचा रंग बदलू देऊ नको. वेणी आणि कान जवळून वेगळे घे, गिऱ्हाईक तेच बघतं. अॅमेझॉनवर मुख्य फोटो शुद्ध पांढऱ्या पार्श्वभूमीवर आणि चौकटीचा ८५ टक्के भाग वस्तूनं भरलेला लागतो.

नवखा

आमच्या शेजारीच चपलांचं काम चालतं. उद्याच विचारतो. धन्स!

लाल माती

एवढ्या हिशेबात फोटो हरवतील म्हणून मधेच तोंड घालतो.

घाटानंतर तालमीत जायचं असेल तर मी वस्तादांना विचारतो, आमच्या घराण्यात कुस्ती आहे. नियम आधी ऐका. हौद्याच्या, म्हणजे आखाड्याच्या, मातीत चप्पल-बूट नाही. ती माती साधी नसते, हळद, तेल, ताक, लिंबू घालून कमावलेली असते आणि तिची पूजा होते. फ्लॅश नाही, पोरं डाव टाकत असताना डोळ्यांवर उजेड आला तर हात मोडेल. आणि पोरांना 'जरा मसल दाखव' म्हणायचं नाही.

आता फोटोचं. आत अंधार, वर एखादा झरोका. माती लाल, भिंती चुन्याच्या, त्यावर लाल उजेड उसळतो. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणारी सोय) तो लाल रंग मारायला बघतो आणि पैलवान निळसर, आजारी दिसतात. म्हणून केल्विनचा आकडा हातानं ठरवून टाका आणि तिथंच ठेवा. आयएसओ बिनधास्त ६४०० करा. दाणे दिसू देत, तशीही माती उडतच असते. शटर १/५०० च्या खाली नको, नाहीतर धोबीपछाडचा नुसता धूर येतो. मला मात्र डावापेक्षा डाव झाल्यावरचा फोटो आवडतो. दोघं एकमेकांच्या अंगावर मूठभर माती टाकतात, तो.

हुपरीची लेक

तालमीत बायकांना चालेल का ते आधी विचारून ठेवा, दारात उभं राहून कळायला नको.

आणि घाटाचंही बोलून घेऊ. तिथं सकाळी बायका धुणं धुतात, अंघोळी चालतात. पलीकडे स्मशानभूमी. 'कँडिड' म्हणून लांबच्या लेन्सनं त्यांचे फोटो काढणारे मी बघितलेत. कट्ट्यात तसं कुणी केलं तर मी तिथंच बोलेन, आधीच सांगून ठेवते.

पंचगंगाकाठ

दोन्ही मान्य. स्मशानाच्या बाजूला कॅमेरा वळवायचाच नाही. धुणं धुणाऱ्या मावशींशी आधी बोलायचं, नाही म्हणाल्या तर पुढं चालायचं.

लाल माती

वस्तादांना विचारलं. सराव संपल्यावर, साडेआठनंतर सगळ्यांनी या म्हणाले. सराव चालू असताना पाचच्या वर माणसं नकोत.

उंच माझा ड्रोन

घाटावर ड्रोन आणू का? वरून नदीचं वळण खतरनाक दिसतं.

कागदं जपून ठेवा

थांबा जरा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरपर्यंत हिरवा पट्टा (परवानगीशिवाय उडवता येतं तो) नसतो, आणि आठ ते बारा किलोमीटरमध्ये तो २०० फुटांपर्यंतच. आपला विमानतळ उजळाईवाडीला. शहराचा बराच भाग त्या वर्तुळांत येतो. उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय साइटवरचा नकाशा बघा. पिवळ्यात असाल तर परवानगी लागते. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला पायलट परवाना लागत नाही. त्यावरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर परवाना आणि ड्रोनची नोंदणी दोन्ही हवीत. 'लग्नात सगळेच उडवतात' हे पोलिसांना सांगायचं उत्तर नव्हे.

उंच माझा ड्रोन

बरं. घरी ठेवतो. ब्रह्मपुरीवर चढून काढतो.

दुधाळीकर

डेटाचं कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो. २०१९ च्या ऑगस्टचा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या पाण्याचा इशारा ३९ फुटांना, धोका ४३ ला, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण तेवढ्या वेळात आपण कॅमेरे उचलतो, टीव्ही उचलतो, आणि टेबलाखालच्या हार्ड डिस्क राहतात. २०२१ ला परत तेच.

दोन प्रती करता ना? दोन्ही त्याच कपाटात असतात. एक प्रत दुसऱ्या भागात ठेवा. माझी एक डिस्क राजारामपुरीला बहिणीकडे माळ्यावर असते, तिची एक माझ्याकडे. नेटवर ठेवायला परवडत असेल तर निदान निवडलेले फोटो ठेवा. पाण्यात गेलेली डिस्क 'चालते का बघू' म्हणून लावू नका. पुसा नको, हेअर ड्रायर नको. चालू केली की उरलंसुरलं जातं. तशीच रिकव्हरीवाल्याकडे.

पुरानंतर लोक भिजलेले अल्बम घेऊन येतात. पोत्यात भरून, चिकटलेले, चिखलानं माखलेले. पहिली गोष्ट, उन्हात वाळवू नका. एकमेकांना चिकटलेले फोटो तसेच वाळले की ते कायमचे एकच. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत बुडवा, थांबा, आपोआप सुटायला लागतात. चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही, कडेनं धरायचं. मग दुसऱ्या पाण्यातून काढून सावलीत, तोंड वर करून, जाळीवर किंवा कोऱ्या कागदावर. एकाच दिवशी सगळे होणार नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजमध्ये टाका, महिन्यानं काढले तरी काम होतं. एका आजींच्या लग्नाचा एकुलता एक फोटो असा सुटला होता. अर्धे आजोबा गेले, पण आजी आणि मुंडावळ्या राहिल्या. पैसे घेतले नाहीत, घ्यावेसे वाटले नाहीत. पण धंदा म्हणून बघाल तर जुने फोटो दुरुस्त करणं हेही काम आहे, आणि ते करणारे हात कमी आहेत.

जुनी डार्करूम

परातीचं बरोबर आहे. निगेटिव्हलाही तेच. ओली आहे तोवर वाचते.

आणि जुनं जपा. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. १९१५ ची वास्तू. दुसऱ्या दिवशी मी माझी कपाटं उपसत बसलो होतो, आतल्या रंगमंचाचे, खुर्च्यांचे, छताचे फोटो शोधत. नटांचे सापडले ढिगानं. छताचा एक. आपण कायम माणसांवर फोकस करतो, इमारत मागं धूसर. घाटावर जाल तेव्हा दगडांचेही काढा, पायऱ्यांचे, कमानींचे, सरळ समोरून, सगळं स्वच्छ दिसेल असे. बक्षीस मिळणार नाही त्या फोटोंना.

नाद एकच

आबा, तुमच्याकडचं ते सगळं स्कॅन करू या की. माझ्याकडं स्कॅनर पडून हाय. दर बुधवारी येतो.

जुनी डार्करूम

ये. सकाळी नको, दुपारी चारनंतर. आणि हात धुऊन ये.

पुण्यात अडकलेला

वाचनखूण साठवली. अंबाबाईच्या किरणोत्सवाला (मावळतीची किरणं मूर्तीवर पडतात तो) येतोय, ९ ते ११ नोव्हेंबर. तेव्हा कट्टा ठेवा की.

पंचगंगाकाठ

त्या दिवसांत अर्धे लोक संध्याकाळी महाद्वारात मान वर करून ढग मोजत असतात. गाभाऱ्यात कॅमेरा चालत नाहीच, त्यामुळे फोटोवाल्यांनाही त्या वेळी नुसते हात जोडून उभं राहावं लागतं. ये, भेटू, पण बैठक आधीच होईल.

तर ठरलेलं : साडेसहा, घाट, शिवाजी पुलाकडची बाजू. साडेआठनंतर तालीम, लाल माती नेईल. मग मिसळ. बैठकीला कागदंवाल्यांनी करारपत्राचा मसुदा आणायचा, हुपरीच्या ताईंनी सुचवलेल्या बदलासकट. मांडवातल्यांनी हिशेबाचा कागद कोरा करून आणायचा, प्रत्येकानं आपापले आकडे तिथंच भरायचे, दुसऱ्याला दाखवायची सक्ती नाही.

हुपरीची लेक

पैंजणाचा जोड आणि बटर पेपर घेऊन येते, हवं तर दाखवते. काळा कागद कुणीतरी आणा, आमच्याकडचा संपलाय.

नवखा

काळा कागद मी आणतो. चपलेचे दोन फोटो काढलेत, तेही आणू का बघायला?

शिरोली नाका

फोटो नको, चप्पलच आण.

मांडवातला

आणि मिसळीचं बिल कोण देणार ते आत्ताच लिहा. नंतर 'दादा, बघू की' नको.

पंचगंगाकाठ

ज्याचं त्यानं. नवख्याचं मी.